काळी चारचा हट्ट

आमच्या ग्रुपमधले बासरीवाले वारले, तेव्हा शोकसभेत म्हणण्यासारखं एकही गाणं आमच्याकडे नव्हतं. युगुलगीतं होती, पावसाची होती, एक लावणी होती जी आमच्यातल्या निवृत्त तहसीलदारांना फार आवडायची. मरणावर काहीच नव्हतं. शेवटी बासरीवाल्यांच्या फोटोसमोर आम्ही चांदण्यातल्या भेटीचं एक गाणं जरा संथ लयीत म्हटलं. काही लोकांनी डोळेही पुसले. त्यांच्या सूनबाईंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुसरं कडवं घेतलंच नाही.

परत येताना ठरलं, की म्हातारपण आणि आयुष्याचं क्षणभंगुर असणं या विषयावर आपलं स्वतःचं एक गाणं पाहिजे. "पुढच्या वेळी उपयोगी पडेल," कुणीतरी म्हणालं. पुढच्या वेळी म्हणजे कुणाच्या, हा विचार सगळ्यांच्या मनात एकदमच आला असावा, कारण रिक्षा स्टँड येईपर्यंत पुढे कुणी बोललं नाही.

आमचा ग्रुप म्हणजे नेरूळमधली निवृत्त मंडळी. नोकरीच्या धबडग्यात गाणं राहून गेलं, असं प्रत्येकजण सांगतो. माझ्या मते निम्म्यांचं राहिलं ते बरंच झालं होतं. तालीम होते जवळच्याच सारसोळे गावात, आमच्या तबलजींच्या घरी. ते मूळचे तिथलेच. वडिलोपार्जित घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे, वर भाडेकरू आणि तळाला एक हॉल, जिथे एरवी साखरपुडे आणि हळदी होतात. हॉल आम्हाला फुकट मिळतो. त्या बदल्यात तबलजींच्या लयीबद्दल कुणी काही बोलायचं नाही, असं न बोलता ठरलेलं आहे.

शब्द लिहायचं काम तहसीलदारांकडे गेलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. पण एकट्याने लिहून मोकळं होणं आमच्याकडे चालत नाही. आम्ही सगळे जन्मभर सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांना बसलेले लोक. ओळ वाचायची, मग सूचक, मग अनुमोदक, मग हरकती, मग मतदान. चहासुद्धा असाच ठरतो.

पहिल्याच ओळीत 'म्हातारपण' हा शब्द होता. लगेच चार हात वर झाले. फार निगेटिव्ह वाटतो, म्हणाले. तहसीलदारांनी 'ज्येष्ठत्व' सुचवलं, तर ते सरकारी वाटतं असं ठरलं. या निर्णयाने ते मनातून दुखावले. मग कुणी 'दुसरी इनिंग' काढली. त्यावर आमच्या कीबोर्डवाल्यांनी, म्हणजे साताऱ्याकडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी, शांतपणे विचारलं, "पहिल्या इनिंगमध्ये आपण धावा केल्या किती?" तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. शेवटी 'सांजवेळ' मंजूर झाली. सांजवेळ कुणालाही होते, त्यात वय दिसत नाही.

'नश्वर' हा शब्द गेला तो दातांमुळे. पुरुषांच्या कोरसमध्ये तिघांना कवळी आहे. 'श' आला की तिघांच्या तोंडून एकदम कुकरची शिट्टी निघते. 'शरीर', 'श्वास' आणि 'शेवट' हेही त्याच कारणाने बाद झाले. शरीर, श्वास आणि शेवट वगळून मरणावर गाणं लिहून दाखवा म्हणावं कुणाला. तहसीलदारांनी ते केलं, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

एकच ओळ अशी होती जी बिनविरोध पास झाली. 'देह अकरा महिन्यांचा करार, मालक वरच्या मजल्यावर.' नवी मुंबईत हे समजावून सांगावं लागत नाही. निम्मे जण भाड्याने देतात, निम्मे भाड्याने राहतात. तबलजींनी तर मांडीवर थाप मारली.

"ही ओल पास करा," ते म्हणाले. "मना पटली. माजे भाडेकरू करार सपला तरी हालत नाय. देह तरी बरा, येलेवर जातो."

अशा रीतीने म्हातारपणावरचं गाणं तयार झालं, ज्यात कुणी म्हातारं होत नव्हतं आणि कुणी मरतही नव्हतं. एखाद्या गृहकर्जाच्या जाहिरातीत ते खपून गेलं असतं.

मी या सगळ्यावर मनसोक्त हसले. तोंडावर हसले. "अहो, वय झालं ते झालं. मान्य करायला एवढी लाज कसली?" असं मी भर तालमीत सगळ्यांना सुनावलं. माझे केस पांढरे आहेत, मी रंगवत नाही. गुडघा बदललेला आहे, तो कुणीही न विचारता दाखवते. सीनियर सिटिझनच्या रांगेत ताठ मानेने उभी राहते. वय स्वीकारण्याच्या बाबतीत या ग्रुपमध्ये माझा हात कुणी धरणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

गळ्याची गोष्ट मात्र वेगळी होती.

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. दिवसभर अनोळखी माणसांच्या कानात बोलायचं काम. ट्रंक कॉल जोडून देताना पलीकडचे लोक मध्येच विचारायचे, "मॅडम, तुम्ही गाता का हो?" गाते, असं सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. माझी पट्टी काळी चार. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, हार्मोनियमवरच्या ज्या पट्टीला आपण सा धरून गातो ती आपली पट्टी. ती जितकी उजवीकडची, तितका आवाज उंच. कॉलेजात असल्यापासून माझी काळी चार. लोक आपला रक्तगट सांगतात तशी मी ती सांगत आले.

गाण्याची चाल मीच बांधली. अंतऱ्यात एक जागा वरच्या सा वर जाऊन थांबते. ती मी माझ्यासाठी ठेवली होती, त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हातारपणाला जरा वजन यावं म्हणून पुरुषांना मी तीच चाल खालच्या सप्तकात, खर्जात दिली. पहिल्या तालमीला अंतरा आला, मी वर गेले आणि आवाज फाटला.

दुपारी दही खाल्लं होतं, मी म्हटलं. पुढच्या तालमीला पुन्हा फाटला आणि त्या दिवशी दही खाल्लेलं नव्हतं. मग पाम बीच रोडवरच्या धुळीवर खापर फोडलं. तिसऱ्या खेपेला मी काहीच बोलले नाही, पर्स उचलली आणि घरी आले.

स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावून, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, मी ती जागा पुन्हा पुन्हा घेऊन पाहिली. येत नव्हती. मला भीती वाटली. गुडघ्याच्या ऑपरेशनलाही वाटली नव्हती एवढी. केस, गुडघा, डोळे यांच्याबद्दल मी एवढी ऐटीत बोलू शकत होते, कारण गळा शाबूत होता. तो गेला तर माझ्याकडे ऐट करायला काय उरणार होतं?

शिवाय कोरसमध्ये एक बाई होती. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, पनवेलच्या एका शाळेत अजून नोकरी करणारी. आवाज स्वच्छ. वर सहज जाते, आणि जाऊन आल्याचा तोराही नसतो, ते तर जास्तच डाचतं. अंतरा आता तिच्याकडे जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. सूचक, अनुमोदक, चहा यायच्या आत होणारं काम.

पण तसा प्रस्ताव कुणी आणलाच नाही. कीबोर्डवाले फक्त म्हणाले, "वहिनी, आठवडाभर घसा शांत ठेवा. मग बघू." मी ठेवला. आठवड्याने गायले, तर आवाज वरच्या सा च्या थोडा जवळ गेला. पुढे आणखी जवळ. आणि गणपती होऊन दसरा येईपर्यंत ती जागा अशी अलगद लागली, की मीच दचकले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आल्यावर यजमानांना पुन्हा गाऊन दाखवलं. ते बातम्या बघत होते, पण "वा" म्हणाले.

याचं श्रेय मी ज्येष्ठमधाला आणि स्वतःच्या शिस्तीला दिलं. त्यानंतर माझ्या जिभेला काही हाडच राहिलं नाही. कारण माझं सुधारत होतं आणि पुरुष मंडळींचं दिवसेंदिवस बिघडत चाललं होतं. सुरुवातीला त्यांचा खर्ज बरा होता. मग सूरच निघेनासा झाला, नुसती घरघर. जणू तळमजल्याचा पंप बिघडलाय. "रियाज करा, रियाज!" मी ओरडायचे. "माझ्याकडे बघा. या वयात आवाज परत आणला." ते माना खाली घालून ऐकून घ्यायचे. तहसीलदार एकदा खर्ज लावायच्या नादात इतके खोकले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी तेव्हाही त्यांना प्राणायामाबद्दल चार शब्द सुनावले. शाळेतली ती बाई खालच्या जागांना नुसते ओठ हलवायची. तिलाही मी सोडलं नाही.

बाकी काही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. तबलजी मध्येच मोठ्या तोंडाचा दुसरा तबला आणायला लागले. जुन्याची शाई गेली, म्हणाले. कीबोर्डच्या छोट्या स्क्रीनवर कायम एक घडी घातलेला रुमाल असायचा, धूळ बसते म्हणून. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. धुळीबद्दल तर माझंही तेच मत होतं.

गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं ते करंजाडेला. नव्या इमारतीतला टू बीएचके, हॉल आणि बेडरूममधली भिंत काढून केलेला स्टुडिओ. शेजारच्या प्लॉटवर काँक्रीटचा मिक्सर चालू होता. तो थांबेल तेवढ्या वेळात गायचं, असं रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं. बाई चाळिशीच्या, कामाला चटपटीत. आम्ही सगळे एकत्रच गाणार होतो. वेगळं गायचं धाडस आमच्यात कुणाकडे नाही.

"मॅडम, स्केल काय ठेवू?" त्यांनी विचारलं.

"काळी चार," मी म्हटलं.

"ते आपण जरा..." कीबोर्डवाले मागून पुटपुटले.

"जरा काय? काळी चार."

बाईंनी त्यांच्या मशीनवर काळी चारचा तानपुरा लावला. सगळ्यांनी कानाला हेडफोन लावले. मिक्सर थांबला. कीबोर्डवाल्यांनी पहिला सूर दिला, आणि असा काही बेसूर कालवा झाला, की बाईंनी हात वर करून सगळं थांबवलं.

"कुणीतरी एकजण चुकतंय," म्हणत त्या आत आल्या आणि त्यांनी सरळ तो रुमाल उचलला. "काका, ट्रान्सपोज चालू आहे तुमचा. मायनस चार. सगळं चार घरं खाली वाजतंय ना! झीरो करते हां." बटण दाबून त्या बाहेर गेल्यासुद्धा.

"बघा!" मी कीबोर्डवाल्यांना म्हटलं. "एवढं साधं बघता येत नाही?" त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पुन्हा सुरुवात झाली. मुखडा मी कसाबसा निभावला. घसा ओढल्यासारखा वाटत होता, पण प्रवासामुळे असेल म्हटलं. मग पुरुषांचा कोरस आला. आणि कित्येक महिन्यांत आला नव्हता असा गोल, भरदार खर्ज त्या खोलीत घुमला. तिघांच्या कवळ्यांसकट सुंदर. तहसीलदारांचा चेहरा उजळला होता. मला आनंद झाला. अखेर रियाज केला यांनी, एवढा विचार माझ्या मनात पुरता आलाही नव्हता, तोच अंतरा आला. मी वर गेले. तिथे काहीच नव्हतं, नुसती हवा.

मी पुन्हा प्रयत्न केला नाही. त्या खर्जाने मला जे कळायचं ते कळलं होतं. इतके महिने सुधारत मी नव्हते. गाणं खाली येत होतं, आणि हे बिचारे माझ्यापायी तळघरात ढकलले जात होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वहिनी, एकदम नाही केलं," कीबोर्डवाले म्हणाले. "दर वेळी अर्धाच सूर."

"आणि सगळ्यांना माहीत होतं?"

"रीतसर बहुमताने ठरलं होतं," तहसीलदार म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना ते बोलायला नको होतं असं वाटलं असावं.

"सूचक कोण?"

शाळेतल्या त्या बाईने हळूच हात वर केला.

"अनुमोदक?"

"मी," तबलजी म्हणाले. "खालच्या पट्टीचा नवीन तबला बी मीच आनला. तुमी रागावू नका ताई."

मी रागावले. हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. दया मला कधीच सहन झाली नाही, आणि ही तर ठराव करून केलेली दया. मी यांना प्राणायाम शिकवत होते आणि हे माना डोलवत होते. त्यांच्या बैठकीत कोण काय म्हणालं असेल, याची चित्रं डोळ्यांपुढे यायला लागली. खाली मिक्सर पुन्हा सुरू झाला होता.

थोड्या वेळाने शाळेतली ती बाई बाहेर आली आणि दोन पायऱ्या सोडून खाली बसली.

"अंतरा तुझा झाला असता," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"बासरीवाले काका आठवतात ना ताई? त्यांचा दम पुरेना, तेव्हा आपण सगळे त्यांना म्हणालो, काका, तुम्ही आता आराम करा. चांगल्या मनानेच म्हणालो. ते आराम करायला घरी गेले. त्यानंतर आपण त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही. गेलो ते एकदम फोटोला हार घालायला. त्या दिवशी तुम्ही काही न बोलता पर्स उचलून गेलात ना, तेव्हा मला वाटलं, आता याही येणार नाहीत."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं."

मला रडू आलं. बरंचसं रागाचंच होतं. पण सगळं रागाचं नव्हतं, कारण बासरीवाल्यांना 'आराम करा' म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि ते तिने मोठ्या मनाने 'आपण' म्हणून वाटून घेतलं होतं. तिने पर्समधून रुमाल काढून दिला. मी नाक पुसलं आणि उठले. गुडघा कुरकुरला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आत सगळे मयताला बसल्यासारखे बसले होते. रेकॉर्डिंगच्या बाईंना आमच्या भानगडीत रस नव्हता. त्यांना पुढचं बुकिंग होतं.

"मॅडम, मग स्केल काय ठेवू?"

सगळे खाली बघत होते. स्वतःचं वय मी आजवर हजार वेळा मोठ्याने सांगितलं असेल, कधी जीभ अडखळली नाही. या वेळी अडखळली.

"पांढरी तीन," मी म्हटलं. "आणि पुरुषांनी खर्जात गायचं नाही. वरच्या सप्तकात, आपल्या सोयीने गा." मागून सुटकेचा एवढा मोठा सुस्कारा आला, की बाईंनी माइक चालू आहे का ते तपासलं.

गाणं झालं. वरचा सा लागला. इंटरनेटवर टाकलं तेव्हा नातेवाइकांनी 'व्हेरी पॉझिटिव्ह' असं लिहून फुलं पाठवली. त्यात मरणाबद्दल काही आहे याचा कुणालाच पत्ता लागला नाही. द्रोणागिरीला तबलजींच्या पुतण्याच्या घरभरणीला आम्ही तेच म्हटलं. करार आणि मालकाची ओळ आली तेव्हा पाहुण्यांनी वन्स मोअर दिला.

आता तालमीत कीबोर्डवर रुमाल नसतो, मीच काढायला लावला. आकडा मला दिसतो. परवा मी नेहमीसारखी बसले आणि म्हटलं, "लावा, पांढरी तीन." कीबोर्डवाल्यांचा हात बटणापाशी थांबला.

"वहिनी," ते म्हणाले, "मागच्या दोन तालमींत वरच्या जागेला तुम्हाला मान उचलावी लागली."

मला ते जाणवलं होतं. दुसऱ्या कुणालाही दिसलं नसावं, असं मी धरून चालले होते. तबलजी तबला सुरात लावायची हातोडी घेऊन तसेच बसून राहिले. शाळेतली ती बाई खिडकीबाहेर बघत होती. मला वाईट वाटलं. अशा गोष्टीची सवय होत नाही.

"किती खाली?" मी विचारलं.

"अर्धा सूर. काळी दोन."

"करा," मी म्हटलं. "आणि पुढच्या वेळीही असंच तोंडावर सांगा."

त्यांनी बटण एकदा दाबलं, आणि मी सा लावला.